हेडसेट चढवला की डावा हात छताला जाऊन चिकटतो (व्हीआर लावणे, वापरणे आणि न पडणे)

सावळागोंधळ

मंडळी, पंधरा दिवसांपूर्वी घरात मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ आलाय, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग (व्हीआर) बघायचा हेडसेट. खोकं उघडणं, फोनवरचं अ‍ॅप, वायफाय, पहिलं लांबलचक अपडेट, सगळं सुरळीत पार पडलं. त्यानंतर मात्र गाडी अडलीय. वस्तू चांगली आहे, मीच काहीतरी चुकवतोय अशी दाट शंका आहे, म्हणून हा धागा.

१. अक्षरं धूसर दिसतात. हेडसेट हाताने जरा वर उचलून धरला की लख्ख, हात सोडला की पुन्हा तेच. मला दूरचा चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे तीन.

२. डावा कंट्रोलर (हातात धरायचा बटणांचा दांडा) मधूनच निघून जातो. म्हणजे माझा खरा हात पोटाजवळ आणि आतला हात छताला चिकटलेला. उजवा हात गुणी आहे. बॅटरी बदलून झाली.

३. पहिल्याच दिवशी हौसेने रोलर कोस्टर लावलं. चार मिनिटांत घामाघूम. रात्रीपर्यंत मळमळत होतं.

शिवाय आई (वय ६८) रोज विचारते, "त्या डब्यात काय दिसतं ते मला कधी दाखवणार?" माझी ही अवस्था झाल्यावर तिच्या डोक्यावर तो चढवायची हिंमत होत नाहीये.

टिवल्याबावल्या

पहिल्याच दिवशी रोलर कोस्टर! पोहणं शिकायला थेट धबधब्यावरून उडी मारलीत की.

खटपट्या

दुसऱ्या मुद्द्याबद्दल दोन प्रश्न. डावा हात सतत उडतो की खोलीत एका विशिष्ट दिशेला तोंड केल्यावर? आणि खोलीत उजेड कसला असतो, खिडकीचा की दिव्याचा? कंट्रोलरच खराब असेल तर तो कुठेही उभं राहिलं तरी त्रास देईल. ठरावीक जागीच देत असेल तर दोष खोलीत आहे.

डोळस

मी पहिल्या मुद्द्यावर लिहिते. दहातल्या नऊ जणांची धूसर दिसण्याची तक्रार पट्ट्यात असते आणि ते उगाच लेन्स पुसत बसतात.

हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम आहे आणि ते जवळपास सगळं चेहऱ्यासमोर लटकतं. आपण काय करतो, ते घसरू नये म्हणून बाजूचे पट्टे करकचून आवळतो. मग गालावर वळ उठतात, कपाळ दुखतं आणि घसरायचं ते घसरतंच. खरा भार डोक्यावरून जाणाऱ्या वरच्या पट्ट्याने घ्यायचा असतो. मागचा दुभंगलेला भाग कवटीचा फुगवटा संपून मान सुरू होते तिथे, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बराच खाली बसला पाहिजे. तो तिथे अडकला की पुढचं तोंड आपोआप उचललं जातं. तुम्ही हाताने जे करताय ते पट्ट्याकडून करून घ्यायचंय, एवढंच.

चष्मा असलेल्यांनी हेडसेट पुढून चढवायचा. आधी चष्म्यासकट तोंड आत, मग पट्टा मागे ओढायचा. काढतानाही पुढचा भाग आधी सरळ समोर ओढून चष्मा मोकळा करायचा आणि मग वर उचलायचा. टोपीसारखा मागून पुढे ओढलात तर चष्मा नाकावर वाकडा होतो आणि त्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासते. त्या लेन्स प्लास्टिकच्या असतात, एक ओरखडा आणि तो कायमचा समोर. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्यावर टेकणारी गादी पुढेमागे सरकवता येते, चार टप्पे आहेत. चष्मेवाल्यांनी ती आधी सगळ्यात बाहेर आणायची आणि मग काचा एकमेकींना लागत नाहीत ना हे बोटाने चाचपत आत न्यायची.

आता चाक. हेडसेटच्या खालच्या कडेला एक छोटं चाक आहे, ते फिरवलं की दोन्ही लेन्स जवळ-दूर होतात आणि पडद्यावर आकडा दिसतो. तो आकडा म्हणजे तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत सरासरी ६३ च्या आसपास असतं, पण ५५ वालेही असतात आणि ७२ वालेही. चष्म्याच्या दुकानात काच बसवण्यापूर्वी हे मोजतातच, तुमच्या कागदावर "पीडी" लिहून काही आकडा असेल तर तोच लावा. नसेल तर आरशासमोर पट्टी धरून मोजा.

क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी वर-खाली, मग चाक. उलट केलंत तर दोन्ही चुकतात.

सावळागोंधळ

@डोळस, अहो मी ते चाक आवाजाचं समजत होतो! आकडा ५८ वर होता. चष्म्याच्या कागदावर ६६ निघाला. एक प्रश्न: पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर, मग दूरच्या चष्म्याची गरजच काय? जवळचं तर मला बिनचष्म्याचं छान दिसतं.

डोळस

हा प्रश्न सगळे विचारतात. पडदा चार बोटांवर असला तरी लेन्स त्याचं चित्र साधारण एक ते दोन मीटरवर असल्यासारखं डोळ्यांपुढे मांडतात. डोळ्यांना तेवढ्या लांबचं बघितल्यासारखंच काम करावं लागतं. उणे तीन म्हणजे बिनचष्म्याने तुम्हाला स्पष्ट दिसतं ते साधारण ३३ सेंटिमीटरपर्यंत. चित्र त्याच्या पलीकडे आहे. चष्मा हवाच.

याची दुसरी बाजू तुमच्या आईंच्या कामाची: त्यांना फक्त वाचण्याचा चष्मा असेल तर आत बहुधा त्याची गरज पडणार नाही.

रोज वापरणार असाल तर नंबरच्या काचा बनवून मिळतात, त्या हेडसेटच्या लेन्सवर चपखल बसतात. चष्मा घालायची भानगड संपते. पण घरात तिघं जण वापरणार असतील तर दर वेळी काढा-घाला करावी लागते, तेव्हा विचार करून घ्या.

एक कबूल करते: सगळं जमवूनही काही जणांना डोळ्यांवर ताण येतो, त्याला इलाज नाही. आतली वस्तू नाकाजवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण लेन्समुळे फोकस मात्र त्या ठरलेल्या अंतरावरच राहतो. खऱ्या जगात या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, इथे त्यांची फारकत होते. त्यामुळे आत काही वाचायचं असेल तर ते नाकापुढे न आणता हातभर लांब ठेवा.

निमूट_वाचक

वाचतोय. मी दोन वर्षं चाक न फिरवता वापरला. कपाळावर हात मारून घेतला आहे.

जुनाखेळाडू

हातांचं कोडं सोडवायचं तर हेडसेटला हात दिसतात कसे ते आधी समजून घ्या.

मी २०१६ पासून या नादात आहे. तेव्हाच्या व्हाइव्ह नावाच्या हेडसेटबरोबर दोन ठोकळे यायचे, बेस स्टेशन. ते खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्यापेक्षा उंच, दोन मीटरच्या वर लावायचे आणि किंचित खाली वळवायचे. ते खोलीभर अदृश्य लेझरचा झाडू मारत राहायचे. हेडसेट आणि कंट्रोलरवरचे संवेदक तो झाडू कोणत्या क्षणी अंगावरून गेला यावरून आपली जागा काढायचे. भिंतीला भोकं पाडावी लागायची, पण हात पाठीमागे नेला तरी हरवत नसे. अजूनही काही जण त्यापायीच ती जुनी पद्धत सोडत नाहीत.

तुमच्या हेडसेटमध्ये हे उलटं केलंय. कॅमेरे हेडसेटवरच आहेत आणि ते बाहेर बघतात. खोलीतल्या ठळक खुणा, म्हणजे दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, भिंतीवरचं चित्र, या धरून ठेवायच्या आणि त्या कशा सरकतात यावरून डोकं कुठे आहे ते ठरवायचं. कंट्रोलरमध्ये अवरक्त दिवे असतात, आपल्याला न दिसणारे. कॅमेऱ्यांना ते ठिपके दिसतात आणि त्यांच्या मांडणीवरून हात कुठे, कसा वळलाय ते कळतं. शिवाय कंट्रोलरच्या पोटात गती मोजणारा संवेदक असतो. हात क्षणभर कॅमेऱ्याच्या नजरेआड गेला तर त्याच्या भरवशावर अंदाज चालतो. पण तो अंदाज फार टिकत नाही. बारीक चूक क्षणाक्षणाला वाढत जाते आणि हात तरंगत निघून जातो.

म्हणून हात उडाला की दोनच शक्यता तपासायच्या: कॅमेऱ्याला ठिपके दिसत नाहीयेत, किंवा नको तिथे जास्तीचे ठिपके दिसताहेत. दुसऱ्या शक्यतेत सगळ्यात मोठा गुन्हेगार कोण असतो ते मला माहीत आहे, पण तुम्ही आधी @खटपट्या यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

रातकिडा

उजेडाबद्दल माझी भर. अंधारात हे यंत्र आंधळं होतं, कारण कॅमेऱ्यांना खुणा दिसत नाहीत. मी रात्री सगळे दिवे घालवून "वातावरणनिर्मिती" करायचो आणि मग जग डुगडुगतंय म्हणून वैतागायचो. आपल्याला सहज वाचता येईल इतका उजेड पुरतो. कोरी पांढरी भिंत असेल तर तिच्यावर एखादं चित्र लावा, पकडायला काहीतरी मिळतं.

दिव्यांच्या लुकलुकण्याचाही त्रास होतो. विजेची वारंवारता कुठे ५० हर्ट्झ असते, कुठे ६०, आणि दिवे त्या तालावर लुकलुकतात. आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची (कॅमेऱ्यांनी हालचाल टिपण्याची) वारंवारता असते, ती स्वयंचलित ठेवूनही चित्र थरथरत असेल तर तुमच्या विजेप्रमाणे हाताने लावून बघा.

आणि ऊन. हे ठळक अक्षरांत वाचा: लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना, तेच भिंग इथे उलटं बसवलंय आणि कागदाच्या जागी पडदा आहे. माझा आधीचा हेडसेट खिडकीपाशी उताणा राहिला होता. किती वेळ राहिला कोण जाणे, पण उचलला तेव्हा चित्राच्या मधोमध पिवळट डाग होता. तो गेला नाही, हेडसेटच गेला. वापर झाला की लेन्स झाकायच्या किंवा पालथं ठेवायचं. जुना हेडसेट विकत घेणाऱ्यांनीही आधी पांढरा पडदा उघडून असे डाग बघावेत.

सावळागोंधळ

@खटपट्या, @जुनाखेळाडू, आत्ता अर्धा तास खोलीत भोवऱ्यासारखा फिरून आलो. खिडकीकडे तोंड: हात जागेवर. दाराकडे तोंड: जागेवर. कपाटाकडे तोंड केलं की डावा हात भुर्रकन. आणि हो, कपाटाच्या डाव्या पल्ल्याला उभा आरसा आहे.

जुनाखेळाडू

हाच तो गुन्हेगार!

कॅमेऱ्याला तुमच्या कंट्रोलरचे ठिपके दिसतात आणि आरशातल्या कंट्रोलरचेही. शिवाय आरशात आख्खी दुसरी खोली दिसते, भिंतीच्या पलीकडे पसरलेली, आणि तिच्यातल्या खुणा तुमच्याबरोबर विचित्र सरकतात. बिचाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? बेस स्टेशनच्या काळातही हेच व्हायचं, लेझर आरशावरून परतायचा. काचेची दारं, काळा चकचकीत टीव्ही, सजावटीच्या लुकलुकत्या दिव्यांच्या माळा, हे सगळं त्याच जातकुळीतलं. आरशावर चादर टाका.

सावळागोंधळ

टाकली. वीस मिनिटं कपाटासमोर उभा राहून हात ओवाळले. एकदाही उडाला नाही! पंधरा दिवस मी कंट्रोलरला शिव्या घालत होतो.

टिवल्याबावल्या

आरशात बघून स्वतःचाच घोळ होणारी जमात आपल्याकडे आधीपासून आहे, आता यंत्रंही त्यात सामील झाली म्हणायची.

चिऊताई_२

छान धागा. एक भाबडा प्रश्न. माझ्या कंट्रोलरची जोडणीच सुटते. हेडसेट चालू होतो, पण उजवा कंट्रोलर "सापडत नाही" म्हणतो. बॅटरी चार्ज होणाऱ्या आहेत, नुकत्याच भरलेल्या.

खटपट्या

तुमचाही क्वेस्टच असेल असं धरून सांगतो. फोनच्या अ‍ॅपमध्ये हेडसेट निवडा, कंट्रोलर जोडण्याचा पर्याय घ्या, मग उजव्या कंट्रोलरवर मेटाचं बटण आणि बी ही दोन्ही एकत्र दाबून धरा, दिवा लुकलुकून स्थिर होईपर्यंत. डाव्याला मेन्यूचं बटण आणि वाय. त्याआधी बॅटरी एकदा काढून घाला, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

चार्ज होणाऱ्या बॅटरीबद्दल: साधी बॅटरी १.५ व्होल्टची असते, चार्ज होणारी निकेलची १.२ ची. कंट्रोलर व्होल्ट बघून टक्के सांगतो, त्यामुळे भरलेली बॅटरीही कमी भरल्यासारखी दिसू शकते. त्या आकड्याला घाबरू नका. दोन जास्तीच्या भरून जवळ ठेवा की झालं.

चिऊताई_२

जोडला गेला! धन्यवाद. आणखी एक, मुलगा आठ वर्षांचा आहे, फार मागे लागलाय.

डोळस

मेटाचं किमान वय १० आहे. १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालचं खातं लागतं. सोनीच्या पीएस व्हीआर २ या हेडसेटला किमान १२. आठ वर्षांच्या चेहऱ्याला हेडसेट मोठाच होतो आणि बाहुल्यांमधलं अंतर बहुधा चाकाच्या टोकाच्याही खाली असतं. मी तरी थांबवलं असतं. मागे लागण्याची सवय त्याला तशीही आहेच.

धडपड्या

मळमळीबद्दल सगळे गप्प का? माझा अनुभव सांगतो. मलाही पहिला आठवडाभर व्हायची. दात-ओठ खाऊन रोज बसलो आणि सवय झाली. होते सवय, सोडू नका.

जुनाखेळाडू

@धडपड्या, तुमचं नशीब थोर. पण हा सल्ला देऊ नका. दात-ओठ खाऊन बसलेल्या किमान तिघांना मी ओळखतो, ज्यांना आता हेडसेटचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. सवय उलट्या बाजूनेही लागते.

मळमळ का होते ते बघा. डोळे सांगतात "आपण धावतोय", कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं "आपण उभे आहोत". दोन साक्षीदार एकमेकांना खोटं पाडताहेत. म्हणून रोलर कोस्टर सगळ्यात वाईट, कारण तुम्ही खुर्चीत आणि डोळे दरीत. ज्या खेळांत जागेवर उभं राहून फक्त हात हलवायचे, उदाहरणार्थ बीट सेबर, त्यात बहुतेकांना काहीही होत नाही, कारण तिथे डोकं खरोखर जेवढं हललं तेवढंच चित्र हलतं.

पहिले पंधरा दिवस असेच खेळ. नंतर चालायचे खेळ, पण त्यांच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी आधी बघायच्या: जॉयस्टिकने घसरत जाण्याऐवजी एका जागेवरून दुसरीकडे थेट पोचण्याचा पर्याय, गर्रकन वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळणं आणि हालचाल चालू असताना कडा काळवंडणं. हे तिन्ही लावले म्हणून कोणी नवशिका ठरत नाही. मी नऊ वर्षांनंतरही टप्प्यांनीच वळतो.

आणि पहिल्या चाहुलीला थांबा. उलटीच्या फार आधी अंग कोमट होतं, जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं. तेवढ्यावर हेडसेट काढायचा. "ही एवढी पातळी संपवतो" नाही, लगेच.

रातकिडा

+१. समोर पंखा लावा. घाम कमी येतो, लेन्सवर वाफ धरत नाही आणि वारा कुठून येतोय यावरून आपलं तोंड कुठे आहे हे कळत राहतं. पायाखाली छोटी सतरंजी टाका. अनवाणी पायाला कड लागली की समजायचं, आपण मधून सरकलोय.

संगणकाला जोडून खेळणाऱ्यांना आणखी एक कारण असतं. ९० हर्ट्झवर दर चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात. संगणक तेवढ्यात चित्र देऊ शकला नाही तर मान वळली तरी जग मागे रेंगाळतं आणि पोट लगेच तक्रार करतं. खेळाची दर्जाची सेटिंग खाली आणा, चकचकाटापेक्षा स्थिरता महत्त्वाची. बिनतारी जोडत असाल तर संगणक राउटरला तारेने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत. दोन्ही टोकं वायफायवर असतील तर अडखळणारच.

धडपड्या

मान्य, माझा सल्ला मागे घेतो. तरी मी खरंच दात-ओठ खाल्ले होते.

सावळागोंधळ

आता शेवटचा मुद्दा, आई. तिचे गुडघे बरे आहेत, तोल ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. काय काळजी घेऊ?

डोळस

सगळ्यात आधी: हृदयात पेसमेकर किंवा कानात श्रवणयंत्र वगैरे काही आहे का? हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असतात, त्यामुळे अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये असं निर्मातेच सांगतात. फिट येण्याचा इतिहास असेल तरीही तेच. रक्तदाबाबद्दल तुमच्या डॉक्टरांना एक फोन करा.

बाकी मी माझ्या सासूबाईंना दाखवलं त्यावरून सांगते. खुर्चीत बसवा. खुर्ची हातांची हवी आणि चाकांची नको. बाउंडरी (वापरायच्या जागेची आखलेली हद्द) बसून वापरण्याची निवडा, स्वतःभोवती गोल आखला जातो. कंट्रोलर पहिल्या दिवशी देऊच नका, बटणांत जीव अडकतो. तुम्हीच आधी हेडसेट घालून चित्र चालू करा आणि मग त्यांच्या डोक्यावर द्या. निवडताना एका जागी थांबून चारी बाजूंना बघायचं असं काहीतरी निवडा. कॅमेरा हलणारं नको, उंच कड्यावरचं नको.

आत काय दिसतंय ते फोनवर किंवा टीव्हीवर दिसेल असं कास्टिंग चालू ठेवा. नाहीतर त्या म्हणणार "इथे ते निळं काय आहे?" आणि तुम्ही आंधळ्यासारखे "कुठलं निळं?" करत बसाल.

अजून एक. आत असलेल्या माणसाला न सांगता हात लावू नका. आधी हाक मारा, मग खांद्यावर हात ठेवा. सासूबाई अशा दचकल्या होत्या की अजून बोलून दाखवतात.

खटपट्या

त्यांना एक गोष्ट शिकवून ठेवा. हेडसेटच्या बाजूवर बोटाने दोनदा टकटक केलं की बाहेरची खोली दिसते. सेटिंगमध्ये ते चालू आहे ना बघा. घाबरल्यावर हेडसेट ओढून काढण्यापेक्षा टकटक बरी. चित्र वाकडं किंवा भलत्या दिशेला असेल तर उजव्या कंट्रोलरचं मेटा बटण दाबून धरायचं, चित्र समोर येतं. हे मात्र तुम्ही करा.

टिवल्याबावल्या

आणि उभं राहून खेळणाऱ्यांनी मनगटाची दोरी घाला. मी एकदा चेंडू टोलवताना छताचा दिवा टोलवला. बाउंडरी जमिनीवर आखलेली असते हो, वर कोणी आखत नाही! दोन मीटर गुणिले दोन मीटर जागा लागते म्हणतात, पण माझ्या हिशेबात हात पसरल्यावर आणखी वीतभर सोडा. घाबरल्यावर हात लांब होतात.

चिऊताई_२

लेन्स कशाने पुसायच्या? आमच्याकडे बोटांचे ठसे उमटलेत.

डोळस

कोरड्या मायक्रोफायबरच्या कापडाने, मधून बाहेर गोल गोल. पाणी नाही, चष्म्याचा फवारा नाही, स्पिरिट तर अजिबात नाही, त्याने लेन्सवरचा थर जातो. गादी आणि पट्टा ओलसर कापडाने पुसला तर चालतो, पण पूर्ण वाळू द्या.

सावळागोंधळ

अहवाल. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, पेसमेकर वगैरे नाही. काल आईला खुर्चीत बसवलं, समुद्राखालचं चित्र लावलं. पहिली दोन मिनिटं हाताच्या मुठी आवळलेल्या. मग एक कासव जवळून गेलं तर तिने हात पुढे केला, आणि त्यानंतर मला विसरली. दहा मिनिटांनी मीच काढायला लावला. चक्कर नाही, मळमळ नाही. वाचण्याच्या चष्म्याविना सगळं स्पष्ट दिसलं म्हणाली.

नंतर म्हणते, "तू वरती काय बडबडत होतास? माशांना त्रास होत होता."

जुनाखेळाडू

वा! १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पहिला असा पडदा केला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागायचा, आणि डोकं कुठे वळलं ते मोजायला छतापासून दांडा जोडलेला. आत दिसायच्या नुसत्या रेघा. तिथून तुमच्या आईंच्या कासवापर्यंत.

सावळागोंधळ

आता नवी अडचण. आईला आज सकाळी पुन्हा हवा होता. तिच्यासाठी चाक ५९ वर जातं, माझं ६६. तिचं झालं की मला धूसर, माझं झालं की तिला. पट्टाही दर वेळी नव्याने.

डोळस

दोघांचे आकडे कागदावर लिहून खोक्यात ठेवा. वरच्या पट्ट्यावर दोन्ही जागी धाग्याने खूण बांधा. आकडा आधीच माहीत असल्यामुळे हेडसेट दुसऱ्याच्या हातात देताना मात्र आधी चाक, मग पट्टा, मग डोकं.

सावळागोंधळ

कागद ठेवायला खोकं उघडलं तर आत आधीच एक चिठ्ठी होती. आईच्या अक्षरात: "माझे ५९. हलवू नये."